गाडी ‘ठाण्याला’, ‘ठाण्याकडे’ की ‘ठाण्यापर्यंत’? दिशा सांगणारे प्रत्यय निरनिराळ्या भाषांत

कोलशेत_रोड (धागाकर्ता)

ट्रान्स-हार्बर (ठाणे ते वाशी आणि पनवेल) मार्गावरच्या गाड्यांची माहिती बऱ्याच भाषांत दाखवणाऱ्या एका ॲपचा मजकूर तपासायला आलाय. मूळ साचा इंग्रजीत आहे: ‘ट्रेन टू’ आणि पुढे रिकामी जागा, तिथे स्थानकाचं नाव बसतं. प्रत्येक भाषेत ‘टू’ला एकच प्रतिशब्द द्या, अशी मागणी आहे. मराठीच्या रकान्यात कुणीतरी ‘ला’ भरलं आणि पडद्यावर ‘ठाणेला’, ‘कळवाला’, ‘तुर्भेला’ उमटायला लागलं.

तीन गोष्टी हव्यात. मराठीत कुठे काय लावायचं, बाकीच्या भाषांत हाच साचा कुठे मोडतो, आणि तो दुरुस्त कसा करायचा. ज्यांना जी भाषा पक्की येते त्यांनी तेवढीच लिहावी, अंदाज नकोत.

उपांत्य

‘ला’ बरोबरच आहे, चुकलंय ते त्याच्या आधीचं नाव. मराठीत प्रत्यय मूळ नावाला लागत नाही, सामान्यरूपाला लागतो. आपल्या पट्ट्यातल्या स्थानकांचे चार गट पडतात.

‘ए’ने संपणारी: ठाणे, रबाळे, तुर्भे, कोपरखैरणे. शेवटच्या ‘ए’चा ‘या’ होतो: ठाण्याला, रबाळ्याला, तुर्भ्याला, कोपरखैरण्याला. ‘आ’ने संपणारी: कळवा, दिवा, मुंब्रा, सानपाडा, वडाळा, कुर्ला. इथेही ‘या’: कळव्याला, दिव्याला, मुंब्र्याला, सानपाड्याला. ‘ई’ने संपणारी वाशी, ऐरोली, घणसोली, डोंबिवली बदलत नाहीत. व्यंजनान्त उच्चाराची पनवेल, खारघर, जुईनगर, बेलापूर, नेरूळ ही ‘ला’, ‘हून’, ‘कडे’ यांच्याआधी तशीच राहतात.

शेवटच्या गटात एक खोच आहे. ‘त’ लावताना आधी ‘आ’ येतो आणि उपांत्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं: बेलापूरला, बेलापूरहून, पण बेलापुरात. नेरूळला, पण नेरुळात. ‘बेलापूरात’ असं सर्रास छापलेलं दिसतं, ते चूक. म्हणून प्रत्येक नावाला एक सामान्यरूप साठवून भागणार नाही, ‘त’चं रूप वेगळं साठवावं लागेल.

आता प्रत्यय कोणता. इंग्रजीतला एक ‘टू’ मराठीत निदान सहा ठिकाणी फुटतो:

गावाचं नाव असेल तर ‘ला’: ठाण्याला जाणे.
माणूस असेल तर ‘कडे’: डॉक्टरकडे, मावशीकडे. ‘डॉक्टरला गेलो’ होत नाही.
आत शिरायची जागा असेल तर ‘त’: शाळेत, बँकेत, बाजारात.
काही जागांना ‘वर’: स्टेशनवर, कामावर, समुद्रावर.
समारंभाला ‘ला’: लग्नाला, बारशाला.
आणि जुनी सप्तमी टिकवून धरलेले मोजके शब्द: घरी, गावी, माहेरी. ‘घराला चाललो’ कुणी म्हणत नाही, आणि ‘घराकडे निघालो’चा अर्थ वाट धरली एवढाच. पोचलो की नाही ते त्यात नाही.

ठाणेकरांनी एक गोष्ट जास्त सांभाळावी. ‘ठाण्यात तक्रार नोंदवा’ हे वाक्य ॲपमध्ये असेल तर ते शहर की पोलीस ठाणे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन्हींचं सामान्यरूप एकच. तिथे ‘पोलीस ठाण्यात’ असं पूर्ण लिहावं.

पारसिक

उपांत्य यांच्याशी सहमत. ‘कडे’ फक्त माणसांपुरता नाही, रोख दाखवायलाही तोच लागतो, आणि या मार्गावर तो फरक प्रवाशाला भोवतो.

तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो. एक फाटा सानपाड्यावरून वाशीला जातो, दुसरा जुईनगरवरून नेरूळ, बेलापूर, पनवेलकडे. तुर्भ्याच्या फलाटावर उभ्या माणसाला दोन प्रश्न असतात: ही गाडी शेवटी कुठे थांबणार, आणि कुठल्या फाट्यावर वळणार. ‘नेरूळला जाणारी गाडी’ म्हणजे नेरूळला संपणारी. ‘नेरूळकडे जाणारी’ म्हणजे त्या फाट्यावरची, मग ती पुढे पनवेललाही जात असेल. जुईनगरच्या प्रवाशाला दोन्ही चालतात, बेलापूरच्या प्रवाशाला फक्त दुसरी कामाची. साच्यात एकच जागा ठेवली तर ही माहिती बुडते.

जपानी रेल्वेच्या पाट्यांवर यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. नावापुढे ‘इकी’ किंवा ‘युकी’ लावलं की ते गाडीचं शेवटचं स्थानक. ‘होमेन’ लावलं की त्या दिशेची वाट. फलाटाच्या पाटीवर ‘होमेन’ आणि गाडीच्या कपाळावर ‘इकी’, अशी विभागणी साधारण दिसते. ॲपमध्येही दोन साचे करा: एक गंतव्याचा, एक रोखाचा.

सेक्टर_सतरा

एवढं कशाला? ‘ठाणे ते पनवेल’ लिहा. ‘ते’ला सामान्यरूप लागत नाही, नाव जसंच्या तसं राहतं. ‘मार्गे’चंही तसंच: ‘तुर्भेमार्गे’, ‘पुणेमार्गे’.

उपांत्य

वेळापत्रकाच्या मथळ्याला ‘ते’ उत्तम, तिथे तोच वापरावा. ‘मार्गे’चं निरीक्षणही बरोबर: तिथे समास होतो, विभक्ती नाही, म्हणून ‘तुर्भ्यामार्गे’ नको. पण ‘ते’ला दोन टोकं लागतात. ‘पुढची गाडी पनवेलला जाईल, वाशीला जाणार नाही’ हे ‘ते’ने सांगता येत नाही. घोषणा ऐकू येणार असेल तर नुसती नावांची जोडी कानाला अर्धवट लागते.

आणि ‘वरून’ टाळा. ‘ठाण्यावरून येणारी’ म्हणजे ठाण्याहून सुटलेली की ठाणेमार्गे आलेली? बोलताना दोन्ही अर्थ चालतात, फलकावर चालणार नाहीत. सुटण्याच्या जागेला ‘हून’, मधल्या जागेला ‘मार्गे’.

मासुंदा_काठी

दक्षिणेच्या भाषा. आपल्याकडे नवी मुंबईत त्या वाचणारे पुष्कळ आहेत, तेव्हा यात ढिलाई नको.

तमिळमध्ये प्रत्यय ‘क्कु’: चेन्नैक्कु, मदुरैक्कु. पण ‘अम्’ने संपणाऱ्या नावांना आधी रूप बदलावं लागतं: कुंभकोणम् चं कुंभकोणत्तुक्कु. आपल्या सामान्यरूपासारखंच, म्हणजे नुसतं चिकटवलं की चुकलं. माणसासाठी वेगळा प्रत्यय, ‘इडम्’. मर्यादा, म्हणजे आपला ‘पर्यंत’, दाखवायला ‘वरै’.

तेलुगूत ‘कि’ आणि ‘कु’. नाव ‘इ’ने संपलं तर ‘कि’, नाहीतर ‘कु’: तिरुपतिकि, पण विजयवाडकु. वाशी, ऐरोली, घणसोली ‘कि’ घेतील.

कन्नडमध्ये ‘गे’, ‘इगे’ आणि ‘क्के’. उडुपिगे, बेंगळूरिगे, पण ‘अ’ने संपणारं कोप्पळ ‘कोप्पळक्के’ होतं. शेवटचा स्वर बघून निवडायचं. मल्याळममध्ये गावाकडे जाताना सहसा ‘इलेक्क्’: कोच्चियिलेक्क्.

चारही भाषांत यंत्राला नाव त्या लिपीत कसं संपतं ते बघावं लागतं, रोमन स्पेलिंग बघून चालत नाही. ‘ठाणे’चं रोमन रूप ‘ई’ या अक्षराने संपतं, पण उच्चार ‘ए’.

खाडीपूल

हिंदी आणि गुजरातीत उलट अडचण आहे: तिथे बऱ्याचदा काहीच लागत नाही. ‘ठाणे जाने वाली गाड़ी’, ‘मैं वाशी जा रहा हूँ’. ‘ठाणे को जाने वाली’ असं ‘को’ घालून लिहिलं तर ते भाषांतर असल्याचं लगेच दिसतं. गुजरातीतही ‘हुं थाणे जाउं छुं’. म्हणजे साच्यातली ‘टू’ची जागा रिकामी सोडता आली पाहिजे. काही प्रणाली रिकामा रकाना ‘भाषांतर बाकी’ समजतात आणि तिथे इंग्रजी शब्द उमटतो, ते आधी तपासा.

माणूस आला की हिंदीत ‘के पास’: डॉक्टर के पास. गुजरातीत ‘पासे’. ‘आगरे से’, ‘कलकत्ते से’ ही जुनी वळणं आजच्या हिंदीत मागे पडलीत, नाव न बदलता ‘कळवा से’ लिहिलेलं चालेल. मराठीचा नियम हिंदीवर लादून ‘कळवे से’ करू नका.

संस्कृतचं कुणी विचारलेलं नाही, पण इथे सांगण्याजोगं आहे. ‘ग्रामं गच्छति’ ही द्वितीया सगळ्यांना शाळेतून माहीत असते. पाणिनीने २.३.१२ या सूत्रात जाण्याच्या क्रियापदांना द्वितीया आणि चतुर्थी दोन्ही दिल्यात, म्हणजे ‘ग्रामाय गच्छति’ही शुद्ध. अट अशी की प्रत्यक्ष हालचाल असली पाहिजे आणि कर्म ‘रस्ता’ या अर्थाचं नसलं पाहिजे. ‘मनसा हरिं व्रजति’मध्ये पाय हलत नाहीत, म्हणून तिथे चतुर्थी नाही. आणि आपला ‘ला’ आजही ‘त्याला बोलाव’, ‘त्याला दे’, ‘ठाण्याला जा’ या तिन्ही ठिकाणी उभा आहे.

तिसरा_फलाट

रशियनसाठी एकेक शब्द न भरता जोड्या भरा. आत जायचं असेल तर ‘व्’, तिथून यायचं ‘इझ’. ‘वर’ जाण्याच्या जागांना ‘ना’, तिथून ‘स्’. माणसाकडे ‘क्’, माणसाकडून ‘ओत्’. जाताना ‘ना’ वापरला आणि येताना ‘इझ’ आला, तर रशियन वाचणारा तिथेच अडखळतो.

कुठली जागा ‘व्’ची आणि कुठली ‘ना’ची, हे ठरलेलं आहे: शाळेला ‘व्’, स्टेशन, टपाल कचेरी, कारखाना, काम यांना ‘ना’. उपांत्य यांची यादी पुन्हा बघा. आपणही ‘शाळेत’ म्हणतो आणि ‘स्टेशनवर’, ‘कामावर’ म्हणतो. मराठी माणसाला रशियनमधली ही विभागणी इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून लवकर उमगते. पण सगळीकडे जुळत नाही. टपाल कचेरीत आपण ‘त’ वापरतो.

विभक्तीचं म्हणाल तर ‘व्’नंतर गंतव्याला द्वितीया: मस्क्वाचं ‘व् मस्क्वू’, आणि परतताना ‘इझ मस्क्वी’. परक्या भाषांतली ए, ई, ओ, ऊ यांनी संपणारी नावं रशियनमध्ये बदलत नाहीत. मुंबई, पुणे, टोकियो तशीच राहतात, त्यामुळे वाशी, ऐरोली, ठाणे यांचा त्रास नाही. पनवेल मात्र व्यंजनान्त आहे: जाताना ‘व् पनवेल’, येताना ‘इझ पनवेला’.

जर्मनमध्ये गावाला ‘नाख’, माणसाला ‘त्सू’: ‘नाख बर्लिन’, पण डॉक्टरकडे ‘त्सुम आर्त्स्ट’. जे देश जर्मनमध्ये उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) घेतात, जसं स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, त्यांना ‘इन’ आणि उपपदाची द्वितीया. स्थानकांच्या यादीपुरतं ‘नाख’ पुरेल, ॲपमध्ये देश आले की मोडेल.

येऊर_पायथा

फिनिशमध्ये गावाच्या नावावरच अवलंबून आहे. हेलसिंकी, तुर्कू ही गावं ‘आत’ची विभक्ती घेतात: हेलसिंकीन, तुर्कून. ताम्पेरे, वान्ता, रोवानिएमी ‘वर’ची: ताम्पेरेले, वान्ताले, रोवानिएमेले. येतानाही तोच गट पाळायचा आणि शिवाय काही नावांत मधलं व्यंजन बदलतं: हेलसिंकीहून ‘हेलसिंगिस्ता’, ताम्पेरेहून ‘ताम्पेरेल्ता’. का, याला सगळीकडे लागू पडणारा नियम नाही, गावागणिक प्रघात आहे. परक्या देशांतल्या नावांना ‘आत’ची विभक्ती, त्यामुळे आपलं काम सोपं होतं.

हंगेरियनमध्ये फरक आणखी स्पष्ट आहे. हंगेरीतली बहुतेक गावं ‘वर’ची: बुडापेस्टला जाताना ‘बुडापेष्त्रे’. परदेशातली ‘आत’ची: व्हिएन्नाला ‘बेच्बे’, मुंबईला ‘मुंबईबा’. ‘बा’ की ‘बे’ हे स्वरसंगतीवर, म्हणजे नावातल्या स्वरांवर. हंगेरीतलीही काही नावं, जसं ड्योर, डेब्रेत्सेन, शोप्रोन, ‘आत’ची आहेत. माणसाकडे जायला तिसराच प्रत्यय, ‘होझ’, ‘हेझ’ किंवा ‘हॉझ’. मर्यादेला ‘इग’.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत अशा भाषांसाठी ‘ग्रामर’ नावाची सोय आहे: भाषांतरकार साच्यात विभक्ती लिहितो आणि नावाचं रूप प्रणाली घडवते. मोझिलाच्या फ्लुएंट या भाषांतर-प्रणालीत भाषांतरकारालाच एका नावाची अनेक रूपं लिहून ठेवता येतात. मराठीला दुसरी पद्धत सोयीची, कारण आपली यादी लहान आहे आणि हाताने तपासता येते.

डाऊन_स्लो

तुर्की आणि कोरियन यांना यादी लागत नाही, गणित पुरतं.

तुर्की: नावातला शेवटचा स्वर बघा. आ, ओ, ऊ आणि बिनटिंबाचा ‘इ’ असेल तर ‘आ’. बाकी चार स्वरांना ‘ए’. नाव स्वरानेच संपत असेल तर मध्ये ‘य’. इस्तंबूलचं ‘इस्तंबूल’आ’, इझमीरचं ‘इझमीर’ए’, अंकाराचं ‘अंकारा’या’. आपल्याकडचं उरण ‘आ’, पनवेल ‘ए’, ठाणे ‘ये’, कळवा ‘या’. विशेषनामानंतर ॲपोस्ट्रॉफी लागतो, तो विसरू नका. तुर्की माणूस आणि गाव यांत भेद करत नाही, डॉक्टरकडे जायलाही हाच प्रत्यय.

कोरियन: ‘ए’ हे गंतव्य, ‘रो’ किंवा ‘उरो’ हा रोख. ‘ए’ बदलत नाही. ‘रो’ की ‘उरो’ ते शेवटच्या अक्षरखंडावरून काढायचं. त्या खंडाच्या युनिकोड क्रमांकातून ४४०३२ वजा करा, २८ने भागा, बाकी बघा. बाकी ० म्हणजे शेवटी व्यंजन नाही, बाकी ८ म्हणजे शेवटी ‘ल’. या दोन्हींना ‘रो’, उरलेल्या सगळ्यांना ‘उरो’. सोल शहर ‘ल’ने संपतं म्हणून ‘रो’, पुसानला ‘उरो’. पनवेल आणि नेरूळ कोरियन लिपीत ‘ल’ने संपतात, त्यांनाही ‘रो’. कल्याण ‘न’ने, म्हणून ‘उरो’. हमखास चूक अशी की फक्त ‘व्यंजन आहे की नाही’ एवढंच तपासतात आणि ‘ल’चा अपवाद राहून जातो.

मासुंदा_काठी

माणसाकडे जाणं हा भाग ॲपमध्ये ‘चालक तुमच्याकडे येत आहे’ अशा वाक्यात येतो, म्हणून दोन शब्द. जपानी आणि चिनी भाषेत माणूस हे गंतव्य होताना सहसा त्याला ‘जागा’ करावं लागतं: जपानीत ‘नो तोकोरो’, चिनीत नावापुढे ‘तिथे’ या अर्थाचा शब्द. स्वाहिलीत गावाच्या नावाला काहीच लागत नाही, शाळा, बाजार अशा सामान्यनामांना ‘नि’, आणि माणसाला ‘क्वा’. इटालियन सगळ्यात फसवी. ‘दा’चा अर्थ ‘हून’, रोमहून येतो तो ‘दा रोमा’. पण डॉक्टरकडे जातानाही ‘दाल मेदिको’. दिशा क्रियापद ठरवतं. तिथे ‘दा’ला ‘पासून’ असं सरसकट ठरवून ठेवलं की वाक्य उलटं फिरतं.

तिसरा_फलाट

फ्रेंच राहिली. गावाला ‘आ’. गावाच्या नावातच ‘ल’ हे पुल्लिंगी उपपद असेल तर दोन्ही मिळून ‘ओ’ होतं: ल आव्हृ, पण ‘ओ आव्हृ’. देशांना लिंगाप्रमाणे: फ्रान्सला ‘आँ’, जपानला ‘ओ’. पण इराण पुल्लिंगी असूनही स्वराने सुरू होतो, म्हणून ‘आँ’. डॉक्टरकडे ‘शे’.

फ्रेंच रेल्वेच्या घोषणेत ‘आ देस्तिनास्यों द’, म्हणजे ‘गंतव्य असलेली’, असा लांब प्रयोग असतो. भाषांतरकार तो सुरक्षित समजतात. तोही पूर्ण सुरक्षित नाही: पुढे स्वर आला की ‘द’चा स्वर गळतो. ठाण्याला ‘द’, पण ऐरोली आणि उरणला ‘द्’ आणि ॲपोस्ट्रॉफी, मध्ये मोकळी जागा नाही.

स्पॅनिशमध्ये ‘ओ आव्हृ’च्या उलट. ‘आ’ आणि ‘एल’ मिळून एरवी ‘आल’ होतं, पण उपपद शहराच्या नावाचाच भाग असेल, जसं एल काइरो, तर लेखनात जोडायचं नाही.

कोलशेत_रोड

भरपूर मिळालं. यावरून साचा असा बदलतोय. ‘टू’चा रकाना रद्द. त्याऐवजी सहा भूमिका: गंतव्य, रोख, मर्यादा, उगम, मार्ग, व्यक्ती. प्रत्येक भाषेत प्रत्येक भूमिकेचं पूर्ण वाक्य, तुकडे जोडायचे नाहीत. मराठी, तमिळ, फिनिश, हंगेरियन, रशियनला नावांचा तक्ता; तुर्की, कोरियन, तेलुगू, कन्नडला नियम; हिंदी, गुजरातीला गंतव्याची जागा मुद्दाम रिकामी.

मराठी तक्त्यात प्रत्येक स्थानकाला तीन रकाने: मूळ, सामान्यरूप, ‘त’चं रूप. ठाणे, ठाण्या, ठाण्यात. वाशी, वाशी, वाशीत. बेलापूर, बेलापूर, बेलापुरात. अजून काही राहिलंय का?

उपांत्य

दोन गोष्टी. ‘दिघा गाव’ या नावात सामान्यरूप शेवटच्या शब्दाचं होतं: ‘दिघा गावला’, ‘दिघा गावात’. ‘दिघ्या गावला’ नको. सीवूड्स-दारावेचंही तसंच, ‘सीवूड्स-दाराव्याला’.

दुसरी गोष्ट मर्यादेची. ‘वाशीपर्यंत सेवा बंद’ यात वाशी धरलं की नाही, हे ‘पर्यंत’ सांगत नाही. सूचनेत शेवटचं चालू स्थानक नाव घेऊन लिहा: ‘गाडी तुर्भ्यापर्यंतच धावेल, सानपाडा आणि वाशी इथे थांबणार नाही’.

डाऊन_स्लो

चाचणीसाठी ठाणे, सानपाडा, ऐरोली, बेलापूर, दिघा गाव, पनवेल आणि कसारा ही सात नावं घ्या, मराठीचे सगळे प्रकार त्यांत येतात. कसारा मुद्दाम घ्या. ‘कसाऱ्याला’मध्ये ‘र’ला ‘या’ जोडताना साधा ‘र’ वापरला तर रफार होऊन ‘कसार्याला’ दिसतं. बरोबर रूप दोन तऱ्हांनी टंकता येतं: युनिकोड ०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदी जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधात एकमेकांशी जुळत नाहीत. तक्त्यात एकच तऱ्हा ठेवा आणि शोधखिडकीत आलेला मजकूर आधी त्या तऱ्हेत बदलून घ्या.